भिंतीवरचा साखरपुडा

माझ्या या मित्राच्या आवाजाशिवाय पूर्वी आमच्या ओतूरच्या पंचक्रोशीत लग्न लागतच नसे. भटजी उशिरा आला तरी चालायचं, नवरदेव रुसला तरी त्याची समजूत निघायची, पण याचा टेम्पो आला नाही तर मंडपात कुणी नारळसुद्धा फोडायचं नाही. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो, म्हातारपणी एका आळीत राहिलो, आणि तरी त्याच्यावर चार ओळी लिहायच्या म्हटलं की मी काही ना काही कारण काढत आलो. कधी चष्म्याचा नंबर वाढलाय, कधी हात थरथरतो. खरी गोष्ट अशी की, त्याच्याबद्दल लिहायचं तर एक प्रसंग सांगावा लागतो, आणि त्या प्रसंगात मला तोंड लपवायला जागा नाही. आता तो राहिला नाही, आणि माझंही काही खरं नाही. तेव्हा सांगून टाकतो.

त्याचा धंदा लाऊडस्पीकरचा. पण माईक हे त्याचं नुसतं पोटाचं साधन नव्हतं, तो त्याचा स्वभाव होता. मोबाइल आल्यावरही तो बोलण्याआधी काचेवर नखानं दोनदा टिचकी मारी, 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' म्हणे आणि मग मुद्द्यावर येई. तोवर पलीकडच्यानं वैतागून फोन ठेवलेला असे. पंगतीत जेवायला बसला तरी वाढप्याला हळू हाक मारणं त्याला ठाऊक नव्हतं. 'तिसऱ्या रांगेत मठ्ठा पोचवावा, ही नम्र विनंती,' असं तो पानावरूनच जाहीर करी, आणि गंमत म्हणजे मठ्ठा खरोखर येई. इतर लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, तो टेस्टर लावायचा. त्याच टेस्टरनं तो फ्यूज तपासी, पाठ खाजवी, आणि साखर खाली बसली असली तर चहाही ढवळी. त्याच्या घरी बायकोला जेवायला बोलवायचं तरी 'सौभाग्यवती जिथं कुठं असतील तिथून त्यांनी स्वयंपाकघराशी संपर्क साधावा' असं ओसरीवरून ऐकू येई. ती माउली आतून म्हणे, "संपर्कच चाललाय सकाळपासून. पीठ आणा गिरणीतून."

माईक हातात असला की त्याच्या तोंडी माझी एक गोष्ट ठरलेली. मला घोडेगावच्या तहसील कचेरीत कारकुनाची नोकरी लागली, तेव्हा रुजू व्हायच्या दिवशी मी एसटीत झोपलो. घोडेगाव कधी आलं नि गेलं कळलं नाही, जाग आली ती थेट भीमाशंकरला. प्रकार एवढाच. पण हा दरवेळी त्यात भर घाली. आधी मी नुसता झोपलो होतो, मग घोरायला लागलो, मग कंडक्टरनं मला मेलेला समजून घंटी मारली, आणि शेवटी शेवटी तर परतीच्या वाटेवर एक बिबट्याही आला. बिबट्यानं म्हणे मला हुंगलं आणि 'हा सरकारी माणूस दिसतो, याच्याकडून काही काम व्हायचं न्हाई' म्हणून सोडून दिलं. माझ्या मुलाच्या लग्नात त्यानं ही गोष्ट माझ्या साहेबांच्या आणि नव्या सोयऱ्यांच्या देखत सांगितली. सारा मंडप हसत होता. मीही हसलो, पण माझं हसू दातांपर्यंतच होतं. मुलाला तेव्हापासून त्याचा राग. मला राग आला नाही असं मी सगळ्यांना सांगत असे.

पुढं डीजे आले आणि याचे भोंगे अडगळीत पडले. एका भोंग्यात त्याच्या कोंबडीनं अंडी घालायला सुरुवात केली तेव्हा तो म्हणाला, "बघा, आपल्या भोंग्यातून अजून काय तरी भाईर पडतंय." मग तो डिश बसवायला लागला, आणि तेही थंडावलं तेव्हा त्याला ते डोंगल सापडलं. ही अंगठ्याएवढी वस्तू टीव्हीच्या मागं खुपसायची, घरच्या वायफायला जोडायची, की मोबाइलमधले फोटो टीव्हीवर दिसतात. पोरंबाळं पुण्याला, बंगळूरला, कुणी परदेशात. तिथून फोटो पाठवणार आणि इथं आईबाप मोबाइल नाकाला लावून बघणार. याला ते बघवेना. म्हणून आळीत, वाडीवस्तीवर, घोडेगावच्या वर पार डोंगरातल्या गावांतसुद्धा तो डोंगल लावत फिरू लागला.

त्याला त्यातलं फार कळत होतं असं नाही, पण न कळणं त्यानं कधी आड येऊ दिलं नाही. घरात शिरला की आधी सगळ्यांना भिंतीच्या एका कडेला बसवायचा, कारण माणूस मध्ये आला की रेंज अडते असं त्याचं मत. स्टीलची भांडी वायफाय खातात असंही एक मत होतं. त्यापायी त्यानं एका म्हातारीला अख्खी मांडणी ओसरीवर हलवायला लावली होती. जोडणी करताना डोंगलला काहीतरी नाव द्यावं लागतं, तिथं हा प्रत्येक घराला मंडपाचं नाव देई. आमच्या आळीत त्यामुळं 'पाटील मंडप', 'डेअरी मंडप', 'मुख्य स्टेज' अशी सगळी जत्राच भरली होती. एकदा त्यानं शेजारशेजारची दोन घरं एकाच वायफायवर जोडली, तेव्हा एका घरी सत्यनारायणाच्या आरतीला टीव्हीवर शेजारच्या आजींच्या गुडघ्याचा एक्स-रे आला. बायकांनी त्यालाही हात जोडले. पण त्याची खरी खुमारी पहिल्या फोटोला. तो फोटो स्वतः पुकारल्याशिवाय हा माणूस घर सोडत नसे. टीव्हीच्या बाजूला उभा राहायचा, मूठ तोंडाशी धरायचा आणि म्हणायचा, "आता आपल्यासमोर येत आहेत, या घरचे थोरले चिरंजीव, सध्या मुक्काम दुबई." डोंगरातल्या एका घरी नातवाचा फोटो असा पुकारल्यावर आजीनं डोक्यावर पदर घेतला होता, कारण नातवाशेजारी त्याचे साहेब उभे होते.

आमच्या नातीवर त्याचा फार जीव. लहानपणी ती त्याला 'हॅलो आजोबा' म्हणायची, आणि मोठी झाल्यावरही तेच नाव राहिलं. तिला अवसरीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा गादी, बादली आणि ती स्वतः, अशी सगळी रवानगी याच्याच टेम्पोतून झाली. वसतिगृहाच्या दारात यानं टेम्पोवरचा जुना स्पीकर चालू करून तिचं नाव, गाव आणि बारावीचे मार्क जाहीर केले. पोरगी लाजून लाल झाली, पण घरी आल्यावर हसत हसत सगळ्यांना तेच सांगत होती.

तिचं लग्न जमलं. मुलाकडची मंडळी पुण्याची, मोजकं बोलणारी. साखरपुडा नारायणगावच्या एका कार्यालयात ठरला. बोलावण्यांचं ठरवायला बसलो तेव्हा माझ्या मुलानं विचारलं, "बाबा, त्यांना सांगायचं का?" मी म्हणालो, "नको." आजवर मी सगळ्यांना सांगत आलो की मुलानंच हट्ट धरला, मी तरी काय करणार. ते खोटं आहे. मुलानं नुसतं विचारलं होतं. 'नको' मी म्हणालो. भीमाशंकरची एसटी आणि तो बिबट्या त्या पुण्याच्या लोकांपुढं मला नको होता. बायको म्हणाली, "एवढी आळी बोलावताय आणि त्यांनाच तेवढं वगळताय, बरं दिसत नाही." मी म्हणालो, "लग्नाला बोलावू की."

कार्यक्रम झाला. नात विचारत होती, हॅलो आजोबा कुठे दिसले नाहीत. त्यांचं बाहेरगावी काम निघालं, असं मी तिला सांगितलं. दोन दिवसांनी तोच भेटला.

"काय कारकून, नातीचं जमलं म्हणं?"

"हो. साखरपुडा उरकला घरातल्या घरात. आम्ही घरचीच होतो."

"बेस केलं," तो म्हणाला. "हल्ली लोक साखरपुड्यालाच गाव जेवू घालत्यात. लग्नात बघू काय ते. तवर मी सनईच्या जुन्या कॅसेटी काढून ठेवतो."

त्याला वगळलंय हे आळीच्या लक्षात आलं होतं, म्हणून त्याच्यापुढं पंगतीचा विषय कुणी काढला नाही. पुढं महिन्याभरानं नातीनं आमच्यासाठी डोंगल पाठवलं. साखरपुड्याचे सगळे फोटो तिनं आजीच्या मोबाइलवर पाठवले होते, आजी-आजोबांनी ते टीव्हीवर मोठे करून बघावेत म्हणून. मी ते खोकं कपाटात ठेवलं होतं. एका दुपारी बाजारातून आलो तर हा आमच्या टीव्हीच्या मागं डोकं घालून बसलेला. बायकोनं बोलावलं होतं. तिला वाटलं, डोंगल बसवून तो जाईल आणि फोटो आपण संध्याकाळी बघू.

"आलास का? सरक तिकडं, रेंजच्या मधी उभा राहू नको."

"आज राहू दे ना. पुढच्या आठवड्यात बघू," मी म्हणालो.

"पुढच्या आठवड्यात काय मुहूर्त हाय का? पोरीनं एवढ्या मायेनं धाडलंय, ते काय कपाटात ठेवायला?" मग बायकोकडं वळून, "वहिनी, मोबाइल द्या हिकडं. आमी असताना तुमाला चिंता न्हाई."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मोबाइल त्यानं तिच्या हातातून घेतलाच होता. त्यानं काहीतरी दाबलं, टीव्ही काळा झाला, आणि मग सगळी भिंत उजळली. नात होती, अबोली रंगाच्या साडीत.

तो उभा राहिला. मूठ तोंडाशी गेली. "आता आपल्यासमोर येत आहेत, आपल्या सर्वांच्या लाडक्या, अवसरीच्या इंजिनिअर..."

फोटो आपोआप पुढं सरकत होते. दुसऱ्यात कार्यालयाची कमान, फुलांची. तिसऱ्यात पंगत. आमची आळी पंगतीत बसली होती, ओळीनं. डेअरीवाला, गिरणीवाला, ज्यांच्या घरी एक्स-रे आला होता ते, आणि ज्यांचा एक्स-रे होता त्या आजीसुद्धा, खुर्चीवर. टीव्ही नवा होता, मोठा होता. एकेकाच्या पानातली जिलेबी मोजता आली असती.

त्याची मूठ तोंडाशीच राहिली. मी रिमोट शोधून हाताला लागेल ते बटण दाबलं. आवाज वाढला, कमी झाला, फोटो काही थांबेनात. ते थांबवायचे कसे हे त्या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो बघत होता.

मग तो बोलायला लागला. इतक्या हळू आवाजात मी त्याला उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. "हे मुलाचे वडील दिसत्यात. कोट चांगला शिवलाय." पुढचा फोटो. "ही मुलाची आत्या असणार. नाक तेच हाय." असं तो एकेकाला पुकारत गेला, ज्यांना त्यानं कधी पाहिलं नव्हतं त्यांनाही. मध्येच म्हणाला, "स्पीकर उलटे लावलेत. आवाज सगळा भिंतीला जातोय, मागच्यांना काय ऐकू आलं असंल?" मी म्हणालो, "नाहीच आलं." त्या दुपारी मी बोललेलं ते एकच खरं वाक्य.

फोटो संपले तेव्हा त्यानं मोबाइल बायकोच्या हातात दिला. "वहिनी, शिकून घ्या. मधीच थांबवायचं असलं तर हितं दाबायचं." आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "कारकुनाला बी दाखवा." मग चहा प्याला, टेस्टर खिशाला लावला आणि गेला.

लग्नाची पत्रिका द्यायला मी स्वतः गेलो. तो आला. इस्त्रीचा सफारी घालून मागच्या रांगेत बसला. लोक विचारत होते, "काय राव, आज आवाज न्हाई तुमचा?" तो म्हणायचा, "घसा बसलाय." माईक मुलाच्या पुण्याच्या मामांनी घेतला आणि ते इतकं बोलले की भात गार झाला. नात स्टेजवरून उतरून त्याच्या पाया पडायला गेली, तेव्हा त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कानात काहीतरी सांगितलं. काय, ते तिनं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्यानंतर माझ्याशी तो पहिल्यासारखाच वागला. रस्त्यात भेटला की 'कारकून' म्हणून हाक, घरात काही बिघडलं की हजर. फक्त बिबट्याची गोष्ट त्यानं पुन्हा कधी सांगितली नाही. कुठल्याही लग्नात नाही, चावडीवर नाही. मी वाट बघायचो. एकदोनदा तर मीच विषय काढला, एसटीतल्या झोपेचा. तो नुसता हसला आणि पावसाचं बोलू लागला.

मग त्याचे कान गेले. जन्मभर भोंग्याखाली उभं राहिलेल्या कानांनी एकदाचा राजीनामा दिला. यंत्र लावायला तो तयार नव्हता. त्याच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागे, आणि अख्ख्या आळीला कुणाच्या घरी काय चाललंय ते समजे. माझ्या मनात जे होतं ते मी आज बोलू, उद्या बोलू करत राहिलो होतो; आता ते हळू बोलायची सोयच उरली नाही.

तो जाण्याच्या महिनाभर आधी एका सकाळी मी मनाशी ठरवून त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. समोर डेअरीला दूध घालायला आलेली माणसं किटल्या घेऊन उभी होती. मी त्याच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "साखरपुड्याला तुला मीच बोलावलं नाही. पोराचं नाव उगाच पुढं केलं. तुझी लाज वाटली मला. माझं चुकलं."

त्यानं डोकं वळवलं आणि दुसरा कान पुढं केला. "मोठ्यानं बोल की राव. ऐकू येत न्हाई."

डेअरीपुढची माणसं आमच्याकडं बघायला लागली. मी घसा साफ केला. त्याचा कान माझ्या तोंडाशी होता, आणि तो वाट बघत होता.

"चहा सांगू का, म्हणालो," मी ओरडलो.

"आरं मग सांग की," तो म्हणाला. "एवढं चोरून काय बोलतो? चहाच तर हाय."

मी चहा सांगायला उठलो.