नाव आमचं, पोस्टर त्याचं

दिवाळीच्या आधी वडशाच्या बाजाररस्त्यावर नाटक मंडळांची ऑफिसं उघडतात. ऑफिस म्हणजे एक टेबल, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतभर पोस्टरं. त्यांवर प्रत्येक नट सुप्रसिद्ध असतो आणि प्रत्येक नटी थेट मुंबईहून आलेली असते, मग ती ब्रह्मपुरीची का असेना. गावची मंडळी येतात, बैलांच्या शंकरपट शर्यतीची नाहीतर मंडईच्या जत्रेची तारीख सांगतात आणि नाटक ठरवून जातात. नाटक कोणतं ते उठताना विचारतात. आधी विचारतात ते मंडळाचं नाव. मी कॉलेजात मराठी शिकवायचो आणि मंडळासाठी नाटकं लिहायचो, त्यामुळे आपल्या लिखाणाला कोणी विचारत नाही हे कळायला मला वीस हंगाम लागले.

मंडळ आम्हा दोघांचं. नाव मी सुचवलेलं, गावं भागीदाराने जोडलेली. एका वर्षी त्याने पोस्टरवर स्वतःचा फोटो नायिकेच्या फोटोपेक्षा मोठा छापला. तो नाटकात काम करत नव्हता. मी तसं बोलून दाखवलं, तर तो उठून गेला आणि आठवड्याभरात समोरच्याच गाळ्यात त्याचं ऑफिस उघडलं. पाटीवर आमच्याच मंडळाचं नाव.

मी रस्ता ओलांडून गेलो. "भाऊ, हे नाव आमचं आहे."

"सर, नाव का सातबाऱ्यावर चढवलं हाय तुमी?" तो म्हणाला. "ज्यानं गावं जोडली त्याचं नाव."

मी हसून परत आलो. आमच्या भिंतीवर संस्थेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं, हार घालून. त्याच्या जोरावर मी निर्धास्त होतो. भागीदाराच्या नव्या पोस्टरवर नावाच्या उजव्या खांद्याशी बारीक वर्तुळात इंग्रजी आर छापला होता. त्यावरही मी चार लोकांत विनोद केले.

विनोद फार दिवस टिकले नाहीत. दरवर्षी आमच्याकडे येणाऱ्या एका गावचे लोक आले, पण बसले नाहीत. त्यांचा म्होरक्या संकोचून म्हणाला, "सर, राग नका मानू. त्याइच्या पोस्टरवर गोल आर हाय, तुमच्यावर नाई. मंग ओरिजनल कोन, तुमीच सांगा." दुसऱ्या गावाने तर येऊन सांगितलंही नाही. पाठोपाठ वकिलाची नोटीस आली: सदर नावासाठी आमच्या अशिलाने अर्ज केला असून आपण ते वापरणं ताबडतोब बंद करावं. मीच सुचवलेलं नाव मीच वापरू नये, असं मला टपालाने कळवण्यात आलं होतं.

फ्रेम काखेत मारून मी नागपूरला वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी काचेवरूनच वाचलं आणि म्हणाल्या, "संस्था अस्तित्वात आहे, एवढंच हा कागद सांगतो. नाव तुमचं आहे, हे कुठे म्हटलंय? ट्रेडमार्क नोंदवला होता का?"

"गावोगाव माहीत आहे की."

"मग गावोगावचा पुरावा आणा."

भागीदाराचा अर्ज सरकारी जर्नलमध्ये छापून आला होता आणि त्यावर हरकत घ्यायला मुदत होती. आधीपासून आपणच ते नाव वापरतो, हे दाखवायचं होतं. पण मी जपल्या होत्या त्या माझ्या संहिता. जुनी पोस्टरं मला फालतू वाटत आली होती.

ती पोस्टरं सापडली गावांत. आमच्याकडे नाटकाला लेकी-जावई येतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. त्यामुळे नाटकाची पत्रकं लोक लग्नपत्रिकेसारखी ठेवतात. मूल गावाकडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेलं पत्रक दाखवलं. सगळ्यांत जुनं, सालासकट.

"बाई, हे मला द्याल का? सोडवून नेतो."

"काऊन देऊ? माह्या पोरीचं लगन त्याच नाटकात जमलं. झाकनासकट ने, अन् झाकनासकट आनून दे."

मी ट्रंकेचं झाकण बसमधून नागपूरला नेलं. वकीलबाईंनी त्याचा फोटो काढला, मग मी सोबत नेलेल्या भागीदाराच्या नव्या पोस्टरवर बोट ठेवलं. "हा गोल आर कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"नोंदणी झाल्याशिवाय हे चिन्ह लावता येत नाही. नुसत्या अर्जावर लावलं, तर तो गुन्हा आहे."

इतका आनंद मला माझ्या कुठल्याही नाटकाच्या प्रयोगात झाला नव्हता.

आमची हरकत पोचली, तक्रारीचा मसुदाही पोचला आणि त्याने अर्ज मागे घेतला. माझा अर्ज त्याआधीच भरून झाला होता. तेव्हापासून दुकान काढणाऱ्या प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याला मी सांगतो, पेंटरला बोलवायच्या आधी नावाचा अर्ज भर. लोकांना माहीत आहे, यावर विसंबू नकोस.

भागीदार एका दुपारी आमच्या ऑफिसात आला. "सर, पोस्टरं लागली हायत गावोगाव. होळीला हंगाम सरेपर्यंत राहू द्या."

"नावावर कागदाची पट्टी चिकटवा."

"मानूस पाठवतो."

"माणूस नको. तुम्ही स्वतः."

ही अट मी तडजोडीत लिहून घेतली. वकीलबाई म्हणाल्या, कायद्याने असं मागता येत नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे, तरी लिहा. मला न्याय हवा होता असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मला त्याच्या हातात खळीची बादली बघायची होती.

सिंदेवाहीकडच्या एका गावात ती पाहिली. तो स्टुलावर चढून पट्टी लावत होता आणि मी समोरच्या टपरीवर चहा घेत होतो. एक म्हातारा थांबला. "काऊन भाऊ, नाव झाकून राह्यले?"

"छपाईत चुकी झाली, बाबाजी."

"छपाई बरोबर आहे, बाबाजी," मी टपरीवरून ओरडलो. "छापणारा चुकला."

टपरीवरचे सगळे हसले. तो खाली उतरला, हात पुसत माझ्यासमोर येऊन बसला. "वीस वर्सं एका गाडीत फिरलो, सर. आता तरी झालं का मन शांत?"

ट्रेडमार्क दहा वर्षांसाठी मिळतो आणि पुढे नूतनीकरण करता येतं. रागाचंही तसंच करायचं मी ठरवून टाकलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "अजून चार गावं राहिली आहेत."

त्याने बादली उचलली. मी चहा संपवून त्याच्यामागे मोटरसायकल काढली.