सोप्यातली पावलं

समोरच्या बिऱ्हाडातला तरुण बाप रोज संध्याकाळी रस्त्यावर उकिडवा बसतो आणि हात पसरून लेकाला बोलावतो. पोरगं डुलत डुलत येतं, तो उचलून त्याचे मुके घेतो. शेजारी त्याचे वडील उभे असतात. मी भाजी निवडता निवडता पाहते आणि मान खाली घालते. त्यांना लाज वाटत नाही. मला वाटते ती लाज आमच्या घराची.

माझ्या तरुणपणी लढाईची वर्षं होती. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत. हे लढाईवर गेल्यावर माझी थोरली जन्मली. यांनी तिला पाहिलं ते रजेवर आले तेव्हा, ती दीड वर्षाची झाल्यावर. पोर अजून चालत नव्हती. पांगुळगाडा धरून उभी राहायची, सोडला की बसायची. "आई तशी लेक, बुडाला लय जड," सासूबाई म्हणायच्या. अख्ख्या रजेत यांनी तिला एकदाही घेतलं नाही. वडीलधाऱ्यांदेखत स्वतःचं मूल उचलणं म्हणजे निर्लज्जपणा, हे आमच्याकडे कुणी सांगावं लागत नसे. आणि वडीलधारं कुणी नाही असा कोपरा त्या घरात नव्हता.

निघायच्या सकाळी सोप्यात, बाहेरच्या बैठकीत, मामंजी आणि गावातली चार माणसं बसली होती. हे कडेला बुटांच्या नाड्या बांधत होते. मी आतल्या दाराआड. पोरीनं पांगुळगाडा सोडला आणि लडखडत सरळ त्यांच्याकडे निघाली. पोचली, गुडघा धरला, मग दोन्ही हात वर केले. यांची बोटं नाडीवरच थांबली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"उचल की रं," मामंजी म्हणाले. "पोरगी हाय, तोफ न्हाई."

सगळे हसले. यांनी बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधायला घेतली. पोर हात वर करून उभी राहिली, मग आपटली आणि रडू लागली. सोप्यात पाऊल टाकायची मला मुभा नव्हती. शेवटी मामंजींनीच तिला घेतलं.

दीर साताऱ्यापर्यंत पोचवायला गेले होते. परतल्यावर जेवताना म्हणाले, "वैनी, मोटारीत कुणा बाईचं पोरगं रडत हुतं. दादानं घेतलं, ते साताऱ्यापतुर मांडीवरनं खाली ठेवलं न्हाई."

मी भाकरी वाढली. परक्या माणसांत लाज नसते.

लढाई संपली, हे धडधाकट परत आले. तोवर पोर धावायला शिकली होती, घडाघडा बोलायला शिकली होती. आणि बाप सोप्यात आला की आत पळून दाराआड उभं राहायलाही. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.