रानडुक्कर किक मारून पळत नाही

महागावला माझं बॅटरीचं दुकान आहे. एक शेतकरी एकाच हंगामात तीनदा तिथं आला, आणि तिन्ही वेळा त्यानं माझं डोकं खाल्लं. मोटरसायकलची बॅटरी दुपट्ट्यात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून आणायचा. काउंटरवर अलगद ठेवायचा आणि माझ्यावरच चढायचा. "भाऊ, खराब बॅटरी देल्ली तुमी. गाडी सेल्फच घेत नाही."

गाडी चालली की बॅटरी आपोआप भरते. याची मात्र दरवेळी पार तळापर्यंत उतरलेली. तिसऱ्यांदा नीट पाहिलं, तर दोन्ही टर्मिनलवर चिमट्याच्या दातांचे ओरखडे! माझं टाळकंच सणकलं.

"खरं सांगा, ही रात्रभर वावराच्या कुंपणाले झटका द्यायले लावता ना?"

तो जराही ओशाळला नाही. दुपट्ट्यानं बॅटरी पुसत म्हणाला, "मंग काय करू भाऊ? गाडी किक मारली तं चालू होते. रानडुक्कर किक मारून पयते का?"

चिडूनच मी एक जुनी मोठी बॅटरी चार्ज करून त्याला दिली. म्हटलं, "ही वावरात ठेवा, अन् गाडीची गाडीतच राहू द्या." त्यानं शहाण्यासारखी मान डोलावली.

पंधरा दिवसांनी तो दुकानासमोर घामाघूम होऊन किक मारताना दिसला.

"सेल्फ काहून नाही मारत?" मी ओरडलो.

"गाडीत बॅटरी कुठं हाये?" तो समाधानानं हसला. "तुमची मोठी लावली वावराच्या खालच्या अंगाले, अन् गाडीची वरच्या अंगाले. आता दोन्हीकून बंदोबस्त झाला, भाऊ."