बाहेर उघडणारं दार

कुणाच्याही घरी गेलो की मला स्वस्थ बसवत नाही. यजमानीणबाई पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि मी दार कुठल्या बाजूला उघडतं ते बघत असतो. ही खोड मला राजूरजवळच्या मुलींच्या एका वसतिगृहानं लावली.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. मी बांधकाम खात्यात नवा ओव्हरसियर. वसतिगृहाच्या खालच्या मजल्यावर चुलीचं स्वयंपाकघर, वर लाकडी फळ्यांवर चाळीस मुली निजायच्या. बाहेरून जिना आणि दार एकच. तेही आत उघडणारं, वर रात्री त्याला आडवा अडसर. तो मलाच एका हातानं उचलेना. खाली भडका उडाला आणि पोरी दारावर कोसळल्या, तर ते आत ओढणार कोण? माझा जीव थाऱ्यावर राहिना. वरिष्ठांच्या मागे लकडा लावून मी दार बाहेर उघडेल असं फिरवून घेतलं. "सायेब, असं दार आमच्याकडं कोन करत न्हाई," सुतार म्हणाला. त्याला गप्प केलं आणि इमारत सुरक्षित असल्याच्या दाखल्यावर सही ठोकली.

महिन्याभरानं गेलो, तर दाराला बाहेरून कोयंडा आणि नारळाएवढं कुलूप. पोरींना सांभाळणाऱ्या मावशींना विचारलं, "हे कशाला?"

"मग काय करू? दार फिरवलं आन् अडसर वाया गेला. आतली खिट्टी काढून पोरी घरला पळत्यात. डोंगरात बिबट्या हाय. रातीला कुलूप लावते नि खाली निजते."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आधी पोरी अडकल्या असत्या, आता माझ्या सहीनिशी कोंडल्या जात होत्या. मला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि राग निघाला मावशींवर. "आग लागली तर किल्ली शोधत बसाल?" मी ओरडलो.

त्यांनी कनवटीची किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. "मग तुमी येता का राखनीला?"

मी सुताराला बोलावून कोयंडा उपटवला, आतली खिट्टी लहान पोरीच्या हाताला येईल इतकी खाली घेतली. तेवढ्यात मावशींनी आपली वाकळ वर आणून दाराबाहेरच्या सज्जात अंथरली. दार जिथवर फिरतं तिथवर मी खडूनं रेघ ओढली. "हिच्या आत निजायचं नाही. वाट अडते."

"पल्याडच निजते, पर पाय आत ऱ्हातील. पोरगी निघाली की दार पायाला लागंल, मी जागी हुईन. कुलूप कधी जागं हुतं व्हय, सायेब?"

मी सगळ्यात लहान पोरीला आत पाठवून दार उघडायला सांगितलं. खिट्टी सरकली, दार फिरलं, मावशींच्या पायाला लागलं. त्यांनी झटकन पाय ओढून घेतले आणि पोरीचा दंड धरला.

मी दाखला नव्यानं लिहिला. या खेपेला सही करण्याआधी खिट्टी पुन्हा एकदा स्वतः सरकवून पाहिली.