सिमेंटचा देव

गोंदियाजवळच्या मनोरंजन पार्कात आकाशपाळण्याचे सुरक्षा-पट्टे तपासणारा तो माणूस प्रत्येकाला सांगायचा, "घाबरू नका जी, मी आहो न." त्या उन्हाळ्यात तिथे नवं 'आदिवासी गाव' उघडलं. सिमेंटच्या झोपड्या, शेंदूर फासलेले सिमेंटचे दगड पाहून लोक ओरडत, "एकदम असली वाटते बे!" तो मात्र त्या दगडांसमोरून तापल्या फरशीवरही चपला हातात घेऊन जायचा.

मित्रांसोबत तिथे गेलो तेव्हा मी एका दगडावर बूट ठेवला आणि फोटोसाठी त्या माणसाच्या हाती कॅमेरा दिला.

"सर, पाय खाली घ्या जी. आमचा देव असाच राहते."

"सिमेंटचा आहे न गा!" मी म्हणालो. मित्र हसले. त्याने फोटो काढला.

माझी आई अशाच दगडापुढे नारळ फोडून मला बी.ए.च्या परीक्षेला पाठवायची. मित्रांसमोर ते मला सांगवलं नाही.