काकडी, दही आणि चांदबीचं नाक

मंद्रूपहून लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हापासून चांदबी नाकानं स्वयंपाक करत आली होती. मोहल्ल्यात लग्न असलं की बिर्याणीपाशी तिला बोलावणं यायचं. डेगीचं झाकण जरा सरकवून ती वाफेचा वास घ्यायची आणि सांगायची, मीठ कमी हाय, अजून मूठभर टाका. कधी चुकली नाही.

दिवाळीच्या सुमारास तिला ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच, आणि मागोमाग चवही गेली. जिभेला गरम-गार कळायचं, तिखट झोंबायचं. बाकी सगळं कागद चघळल्यासारखं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. थोरल्या जावेनं एकदा सालनात दुबार मीठ घातलं, तर जावेच्या सुनांनी तिला स्वयंपाकघरातून उठवून खाटेवर बसवलं. ती अजून खाटेवरच आहे.

चांदबी हाताच्या मापावर निभावत राहिली. रमजान लागला तेव्हा तर तिला हायसंच वाटलं. रोजा असलेल्या बाईला चव बघ म्हणून कोण म्हणणार? पण आता रमजान सरत आला होता. ईद झाली की सून मेहनाजची बाळंतपणाची रजा संपणार, सात रस्ता चौकातलं ऑफिस सुरू होणार. मुलगा अझरुद्दीन ट्रकवर, कायम हैदराबादच्या रस्त्याला. घरात दिवसभर चांदबी आणि तान्ही सबिहा, दोघीच.

त्या दिवशी इफ्तारला मेहनाजच्या ऑफिसातली उत्कर्षा येणार होती. कबाबांबरोबर ग्रीक दह्यातली काकडी करायचं मेहनाजनं मोबाइलवर बघून ठरवलं होतं. दही सकाळपासून मलमलच्या फडक्यात टांगलेलं होतं.

"ही कोशिंबीरच की," चांदबी म्हणाली.

"कोशिंबीर पातळ असते, अम्मी. हे घट्ट. पावाला लावून खातात."

"म्हंजे चक्क्यात काकडी. त्यासाठी ग्रीसपत्तर कशाला जायचं?"

मेहनाज हसली. "किसून पाणी चांगलं पिळा. आणि एखादी कडू निघते, तेवढं चाखून बघा."

"रोजा हाय की गं मला."

"जिभेच्या टोकावर घेऊन थुंकलं तर चालतं. दरवर्षी तुम्हीच तसं करता."

"औंदा नको वाटतंय."

मेहनाजनं तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ती पोरीला निजवायला आत गेली.

चांदबी खाली बसली. काकड्यांची टोकं कापून, चोळून फेस काढला आणि किसायला घेतल्या. उन्हामुळं खिडक्या लावलेल्या, कूलर घरघरत होता. मागं ओट्यावर फिरनीचं दूध मंद आचेवर होतं. तिनं किसाला मीठ चोळलं, मूठ मूठ घेऊन पिळत राहिली. हिरवट पाणी पातेल्यात ठिबकत होतं.

मेहनाज धावतच आली. तिनं शेगडी बंद केली आणि खिडकी सताड उघडली. बाहेरची झळ अंगावर आली. चांदबीनं मान वळवून पाहिलं. दूध उतू गेलं होतं. खालचा जाळ विझला होता.

ती कूलर बंद करायला उठू लागली.

"कुठल्या बटणाला हात लावू नका, अम्मी." मेहनाजचा आवाज अगदी हळू होता. "मला आत पोरीजवळ गॅसचा वास आला. तुम्हाला इथं बसून नाही आला?"

"आला की. उठतच होते. गुडघे धरलेत जरा."

मेहनाजनं लायटर उचलून फ्रिजवर ठेवला. सासूपुढचा काकडीचा कीस ओढून घेतला. "राहू द्या. दही मी कालवते."

त्यानंतर अजान होईपर्यंत मेहनाजनं पोरीला कडेवरून खाली ठेवलं नाही. चांदबी खजुरांच्या बिया काढत बसली. मधेच तिनं बोटं नाकाशी नेली. काकडी नाही, खजूर नाही, काहीच नाही.

उत्कर्षा आली, गप्पा झाल्या, रोजा सुटला. मेहनाजनं दह्याची वाटी सासूपुढं सरकवली.

"अम्मी, लसूण कसा पडलाय सांगा. लई उग्र नाही ना झाला?"

उत्कर्षा काहीतरी बोलणार होती. मेहनाजनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो चांदबीला दिसला.

तिनं चमचा तोंडात घातला. गार. मऊ. काकडीच्या शिरा. दही तिनं जिभेवर घोळवलं, टाळूला लावलं, वाट पाहिली. कच्चा लसूण झोंबतो. झोंबत काहीच नव्हतं.

"लसूण कुठाय ह्यात? घातलाच न्हाईस की."

मेहनाजचा सगळा चेहरा सैल पडला. ती हसायला लागली, हसता हसता तिनं डोळे पुसले. "मुद्दाम नव्हता घातला. दुपारपासून मला भलतंच वाटत होतं, अम्मी. म्हटलं, तुमचं नाकच गेलं की काय. पोरीला पाळणाघरात ठेवायचं ठरवून टाकलं होतं मी."

"बाई, ह्यांच्या नाकाबद्दल शंका?" उत्कर्षा म्हणाली. "ऑफिसात तूच सांगत असतेस की."

"माझंच चुकलं." मेहनाजनं कडेवरच्या सबिहाला उचलून सासूच्या मांडीवर दिलं. "आता पाळणाघर कशाला? दिवसभर ही तुमच्याजवळच."

पोरीनं चांदबीचं बोट धरलं. चांदबीला बोलायचं होतं. तोंडात दह्याचा गार गोळा होता. तो तिनं गिळला, आणि मान डोलावली.