लॉनची बांधी

गडचिरोलीत आमचं नवं घर उभं राहिलं, तेव्हा मी जाहीर केलं की अंगणात लॉन होणार. दिवाळीला साहेब फराळाला येणार होते आणि साहेबांच्या बंगल्यापुढे लॉन होतं, एवढंच कारण. अंगण सपाट करायला चामोर्शीकडचा एक धान पिकवणारा माणूस मिळाला. त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. लॉनवर भाषण मात्र अर्धा तास दिलं. तो पायाच्या अंगठ्यानं माती दाबत ऐकत राहिला.

संध्याकाळी ऑफिसातून येऊन पाहतो तर अंगणाला मातीचे बांध आणि आत घोटाभर पाणी. माझ्या लॉनची त्यानं धानाची बांधी केली होती.

"काऊन गा, इथी धानाचा रोवणा करतो का?"

"पाणी भरल्याबिगर सपाटी कशी दिसन, भाऊ?" चिखलावर फळी फिरवत तो म्हणाला.

मग तो व्हरांड्याशी बसला आणि पाण्यापासून व्हरांड्याची उंची बोटांनी मोजू लागला. एका टोकाला चार बोटं भरली, दुसऱ्या टोकाला अख्खी वीत. त्यानं पुन्हा मोजून पाहिलं. माझ्याकडे बघताना त्याला फार वाईट वाटत होतं.

"आंगन सरखं हाय, भाऊ. तुमचं घर कललं हाय."

घर मी स्वतः उभा राहून बांधून घेतलंय, हे मीच गावभर सांगितलं होतं.

दिवाळीत साहेबांनी लॉनची फार तारीफ केली. फराळ मी त्यांना लॉनवरच दिला. आत टेबलावर लाडू घरंगळतो.